तरली

"तारली? ती मासळीबाजारात मिळेल, बेटा. इथे नाही."

दुकानदारकाकांनी हे इतक्या मायेनं सांगितलं की मला त्यांच्याशी भांडताही येईना. मी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि बालवाडीतल्या बाईंसारखं सुटं सुटं करून म्हणाले, "मासा नाही हो काका. त-रा-ल्ली. इटलीतला खाऊ आहे. गोल, छोटा, खारा. वरून तुकतुकीत असतो आणि आत बडीशेप असते."

"पास्ता?"

"नाही."

"पिझ्झ्याचा बेस देऊ?"

"काका, बोटात जाईल एवढा असतो तो! अंगठीएवढा!"

"मग सरळ कडबोळी म्हण ना. पलीकडच्या गल्लीत ताजी मिळतील."

माझ्या मागे शैलाआत्या औषधांची पिशवी घेऊन उभी होती. तिनं माझा दंड धरला. "चल कल्याणी. याच्याकडं नाही ते. भेटायची वेळ टळेल."

"थांब ना आत्या. मागची फळी बघू दे त्यांना."

"बघितली," काका म्हणाले. मग आत्याला म्हणाले, "पोरगी वकील होणार तुमची."

"माझी नाही, भावाची," आत्या म्हणाली आणि मला ओढतच बाहेर घेऊन आली.

नाशिकच्या कॉलेज रोडवरचं, परदेशी खाऊ ठेवणारं ते शेवटचं दुकान होतं. ऑलिव्हच्या बाटल्या होत्या, सोनेरी कागदातली चॉकलेटं होती, नूडल्स तर कुठकुठल्या देशांच्या होत्या. माझी तराल्ली कुठेच नव्हती. खरं सांगते, मला रडू वगैरे आलं नाही, चेव आला. त्याआधी मी दुकानात आईच्या मागे उभी राहून तिच्या कानात सांगायचे आणि ती माझ्या वतीनं मागायची. आता मागायला मीच होते, आणि मला ते जमतही होतं.

मी तेव्हा आठवीत होते. आता दहावीत आहे.

आमचं गाव पिंपळगावच्या पुढे, हायवे सोडून आत. चहूकडे द्राक्षबागा. त्या फेब्रुवारीत आई-पप्पा नाशिकहून गाडीनं परत येत होते आणि हायवेवर एका कंटेनरनं त्यांना मागून उडवलं. आई जागेवरच गेली. पप्पांच्या डोक्याला मार लागला, बरगड्या मोडल्या, पाय मोडला. ते शुद्धीवर आले तेव्हा आईचा तेरावासुद्धा होऊन गेला होता.

त्यांना हे माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. एवढा धक्का आत्ता देऊ नका." म्हणून नानांनी, म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावानं, हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्यांना बजावलं. "वहिनीचं नावच काढायचं नाही. दादानं विचारलं तर सांगू, बरी आहे. नाही विचारलं तर आपण होऊन बोलायचं नाही. कल्याणी, तूसुद्धा."

पण विचारायला पप्पांकडे शब्दच राहिले नव्हते. बोलण्याचा भाग दुखावलाय, असं डॉक्टर म्हणाले. ऐकू येतं, कळतं, पण तोंडात शब्द येत नाही. कुणाचा एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि तो तेवढाच म्हणत राहतो.

पप्पांचा शिल्लक राहिलेला शब्द मीच ओळखला. घशातली नळी काढली त्या दुपारी आम्ही तिघं कॉटभोवती उभे होतो. पप्पांचे ओठ हलले. घोगरा, ओला आवाज आला.

"त... तरली?"

"काय म्हणतोय?" नाना खाली वाकले. "दादा, परत म्हण."

"तरली?"

"तराल्ली!" मी जवळजवळ ओरडलेच. "नाना, पप्पा तराल्ली मागतायत! इटलीतला खाऊ!"

आत्या हसली. आईला नेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. "खायला मागतोय गं माझा भाऊ," ती म्हणाली. "खायला मागतोय म्हणजे राहतो आता तो."

आणि आम्हाला दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं. आदल्या सप्टेंबरात द्राक्ष बागायतदारांची एक सहल इटलीला गेली होती, तिकडच्या द्राक्षबागा बघायला. पप्पांनी आम्हा दोघींनाही नेलं. बारी नावाच्या शहराजवळ, समुद्राकडच्या एका गावात आमचा मुक्काम होता. तिथल्या बागवाल्यांच्या म्हाताऱ्या आईनं, कार्मेलाबाईंनी, पहिल्याच संध्याकाळी टेबलावर परडी भरून ती वेटोळी ठेवली. आईनं एक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली कडबोळी! फक्त तळायच्या ऐवजी भाजलीत." मग तिनं कार्मेलाबाईंच्या स्वयंपाकघरात मुक्कामच ठोकला. एक बाई इटालियन बोलतेय, एक अहिराणी मिसळलेली मराठी, आणि दोघी मिळून पीठ मळतायत! पीठ मळायचं, वळायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, वर तरंगलं की काढायचं आणि मग भट्टीत घालायचं. पप्पांना भाकरीशिवाय जगात काही गोड लागत नाही, तेच पप्पा खिशात तराल्ली भरून बागेत हिंडायचे.

आईच्या जिभेवर तो शब्द काही बसला नाही. ती 'तरली' म्हणायची. मग आमच्या घरात तो खाऊ तरलीच झाला.

आणलेली पाकिटं दिवाळीआधीच संपली. आईनं घरी करून पाहिली, ती अशी झाली की पप्पा म्हणाले, "उज्ज्वला, बागेला कुंपण घालू यांचं." त्यानंतर नाशिकला कुणीही निघालं की आई मागून ओरडायची, "तरली मिळते का बघा!" अपघाताच्या दिवशीसुद्धा दोघं ठिबकचं सामान आणायला गेले होते आणि येताना दुकानांत तरली बघणार होते. मग शुद्धीवर आलेल्या माणसाच्या तोंडून तोच शब्द आला, तर आम्ही काय समजणार?

पप्पा दिवसभर तोच शब्द म्हणत. सिस्टर आली की तिला, डॉक्टर आले की त्यांना, नानांचा हात धरून नानांना. "तरली?" आवाज शेवटी वर चढलेला. काही मागताना चढतोच की. कधी कधी ते डावं बोट कपाळावर टेकवायचे, भुवयांच्या मधोमध. उजवा हात त्यांचा उचलत नव्हता. सिस्टर म्हणायची, "डोकं दुखतंय का रावसाहेब? थांबा हं," आणि सलाइनमधून दुखण्याचं औषध सोडायची. मग पप्पा झोपायचे.

आणि ते खात मात्र नव्हते. नाकातली नळी काढून टाकली होती. आता तोंडानं खायचं, मऊ, हळूहळू, असं सांगितलं होतं. आत्या रव्याची खीर करून आणायची, मुगाची खिचडी आणायची, पप्पा ओठ घट्ट मिटून घ्यायचे. डॉक्टरांनी आत्याला बाजूला नेऊन सांगितलं, "असंच चाललं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. अशक्तपणा फार आहे. मला त्यांना परत ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं नाहीये."

म्हणून मी नाशिकची दुकानं पालथी घालत होते. पप्पांना एक गोष्ट हवी होती आणि ती मिळाली की ते तोंड उघडणार होते. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ होतं!

"नाही मिळत ना? मग करू आपण," मी रिक्षात बसल्या बसल्या आत्याला सांगितलं.

"तुला येतात?"

"आई करताना बघितलंय. इटलीत आणि घरी. घरच्या कुठं चुकल्या तेपण बघितलंय. तिनं उकळलेली वेटोळी वाळवलीच नाहीत, तशीच भाजली."

"काय काय लागतं?"

"मैदा, तेल, मीठ, बडीशेप, वाईन..."

"काय?" आत्यानं गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "माझ्या पिठात दारू?"

"वाईन, आत्या. द्राक्षाची."

"आडनाव बदललं म्हणून जात बदलत नाही दारूची. दुसरं काय चालेल ते सांग."

शेवटी आंबट द्राक्षांचा रस घालायचा ठरला. आमच्याकडे द्राक्षांना काय तोटा? माल तयार होता, खुडा, म्हणजे तोडणी, तोंडावर आलेला. नानांनी मागे राहिलेल्या घडांतले कोवळे, हिरवे मणी आणून दिले. मी ते चुरडले, गाळले, पीठ मळलं. आत्या कडबोळ्यांसारखीच भराभर वळत गेली. तिची बोटं असली चालत होती! मी उकळत्या पाण्यात सोडत गेले. पहिलं वेटोळं बुडालं, क्षणभर तळाशी बसलं आणि टुणकन वर आलं. आम्ही दोघी टाळ्या पिटायच्याच बाकी होतो. धोतरावर पसरून वाळवली आणि पिंपळगावच्या बेकरीत नेली. दिवाळीत बायका नानकटाईचं पीठ घेऊन जातात तशी. बेकरीवाला म्हणाला, "ही कसली कडबोळी?" मी म्हटलं, "इटलीची." तो म्हणाला, "असू दे, ठेव तिथं."

तुकतुकीत, बदामी झाली! मी एक चावून बघितलं आणि तशीच उभी राहिले. तीच चव होती. कार्मेलाबाईंच्या टेबलावरची. आई समोरून डोळे मिचकावतेय असं वाटलं आणि मी पटकन झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची भेटायची वेळ. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. चहात पूर्ण भिजवून, चमच्यानं, चाललं असतं. मी डबा पाठीमागे लपवून आत गेले. आत्या चहाचा थर्मास घेऊन. पप्पा दाराकडेच बघत होते. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, डोळे नुसते मोठे.

"पप्पा! ओळखा, काय आणलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे दाराकडे बघितलं. परत माझ्याकडे.

"तरली?"

"हो पप्पा!" मी म्हणाले. "तरली! एकदम मस्त तरली!"

ते बघतच राहिले. मी डबा पुढे करायच्या आतच त्यांचा चेहरा असा काही बदलला की मी आयुष्यात तसं कधी पाहिलं नव्हतं. ओठ थरथरले, एका बाजूनं वर गेले, डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहायला लागलं. ते हसत होते! डावा हात माझ्याकडे आला, त्यांनी माझा गाल धरला, कान धरला, केस धरले, जिथं सापडेल तिथं. "तरली," ते म्हणाले. या वेळी आवाज वर गेला नाही. शांत खाली उतरला. "तरली. तरली."

"अरे देवा," आत्या मागे रडत होती, "एवढी आवड त्याला, एवढी आवड..."

मी चहात भिजवून चमचा पुढे केला. पप्पांनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून ते खायला लागले. खीर खाल्ली, खिचडी खाल्ली, हॉस्पिटलचा बेचव दलियासुद्धा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केली?" आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं. हिच्या हातची तरली." मी वॉर्डात अशी चालायचे की जणू हॉस्पिटल माझ्या नावावर आहे. सिस्टर्सना पाककृती सांगितली. बाजूच्या कॉटवरच्या आजोबांना चव दाखवली. जिन्यात नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई असती तर..."

एक गोष्ट मात्र जराशी विचित्र होती. पप्पांनी त्यानंतर तरली मागितलीच नाही. डबा उशाशी तसाच. एकदा मी परत भिजवून दिली, तर माझं मन राखायला खाल्ल्यासारखी खाल्ली. आणि तो शब्दही त्यांच्या तोंडून गेला. बदल्यात दुसरंच सुरू झालं. भेटायच्या वेळेआधी ते हनुवटीवर हात फिरवायचे, दाढी करून द्या म्हणून. एकदा नानांनी दाढी केली, तर केसांकडे हात नेला, भांग पाडून द्या म्हणून. मग उशीला टेकून दाराकडे बघत बसायचे. दार उघडायचं, मी आत यायचे. ते हसायचे, पण बघायचे माझ्या मागे. आत्या यायची, मग तिच्या मागे. वेळ संपली की तोंड भिंतीकडे.

"कंटाळलाय," आत्या म्हणायची. "घरी जायचे वेध लागलेत."

मार्चच्या मध्यावर आमच्याकडे गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या बांधाशेजारचे खंडूतात्या पप्पांना बघायला आले. बागवाला माणूस, त्यांना बागेशिवाय दुसरं काही सुचत नाही. स्टूल ओढून बसले आणि सुरूच झाले.

"दादा, काल गारा आल्या बघा. अशा, लिंबाएवढ्या. आमच्या वरच्या तुकड्याची तर चटणी झाली. पाला नाही राहिला, घड तर सोडाच. भिकाच्या तिकडं पण तसंच. पण तुमची..." त्यांनी पप्पांच्या चांगल्या हातावर थाप मारली. "तुमची तरली, दादा! पोरांना सांगितलं, दादांना पहिलं जाऊन सांगतो, तुमची तरली म्हणून!"

पप्पांनी तात्यांचं मनगट पकडलं.

"तरली," ते म्हणाले. खूप दिवसांनी.

"तरली म्हणजे काय, पार सुखरूप! मी स्वतः बघून आलो सकाळी."

पप्पा मान हलवत होते. हो, हो, मला माहीत आहे, अशी. मग त्यांनी मनगट सोडलं आणि दाराकडे बोट केलं. तात्यांकडे बघितलं. परत दाराकडे. तात्यांना कळेना. तेव्हा पप्पांनी ते डावं बोट उचललं आणि कपाळावर टेकवलं. भुवयांच्या मधोमध. टेकवून गोल फिरवलं. आई सकाळी आरशासमोर उभी राहून करायची तसं.

मग परत दाराकडे बोट. आणि तळवा उताणा. कुठं आहे?

"डोकं दुखतंय का दादा?" तात्या म्हणाले. "सिस्टरला बोलवू?"

मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या हातात संत्र्याची फोड होती, ती मी सोलत होते. बाग तरली. पेशंट तरला. गाय अडली होती, पण तरली. हे शब्द मी जन्मल्यापासून ऐकत होते. आमच्याकडे सगळेच म्हणतात. पप्पा तर रोज म्हणायचे. आणि आईचं नाव ते चारचौघांत कधी घेत नसत. नुसतं "ती आली का?", "ती जेवली का?"

तरली का?

त्यांनी सिस्टरला विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, नानांचा हात धरून विचारलं होतं. आणि मी डबा घेऊन आत आले आणि सांगितलं, हो पप्पा, तरली, एकदम मस्त.

मी आत्याला बाहेर ओढलं. जिन्यापाशी. सांगताना माझी वाक्यं एकमेकांवर पडत होती. आत्या आधी म्हणाली, "काहीतरीच काय." मग तिनं कपाळावरच्या बोटाचं ऐकलं आणि ती पायरीवर खाली बसली.

"म्हणजे त्याला वाटतंय, उज्ज्वला आहे?"

"हो. म्हणून जेवतायत ते. तरलीमुळं नाही."

आत्या बराच वेळ माळेचे मणी ओढत राहिली. मग म्हणाली, "मग राहू दे."

"आत्या!"

"राहू दे म्हणते ना. दोन घास जातायत पोटात. अंगात जरा रक्त भरू दे, चार पावलं चालू दे. घरी नेऊ, मग बघू."

"घरी गेल्यावर दारात भाकरतुकडा ओवाळायला कोण येणार आहे? तू? आणि ते तुझ्या मागे बघतील तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा."

"ते रोज भांग पाडून बसतात गं. तिच्यासाठी. आणि ती येत नाही. त्यांना वाटत असेल, ती बरी आहे आणि तरी येत नाहीये."

"कल्याणी, हळू बोल."

"मी सांगणार."

"खबरदार!" आत्यानं माझा हात इतका जोरात धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. "त्याचं काही बरंवाईट झालं तर? आई गेली, आता बापपण घालवायचाय तुला? कोण आहे तुला मग? सांग ना, कोण आहे?"

रात्रभर तिच्याशेजारी पडून मी तेच बघत होते, पप्पा परत ओठ मिटून घेतायत, डॉक्टर नळी घेऊन उभे आहेत. सांगावं असं वाटत नव्हतंच. पण सकाळी हॉस्पिटलात आत्या थर्मास भरायला खाली गेली, मी दार ढकललं, आणि पप्पांनी हसून माझ्या मागे बघितलं. त्या हसण्यापुढे मला उभं राहता येईना.

मी स्टूल अगदी जवळ ओढलं. त्यांचा चांगला हात दोन्ही हातांत धरला.

"पप्पा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, तरली का. मला वाटलं तुम्ही खाऊ मागताय. हा." मी डबा उचलून दाखवला. "मी याचं हो म्हणाले. खाऊचं."

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. हसू अजून तिथंच होतं, ते उतरायचं विसरलं होतं.

"तरली?" ते म्हणाले. आवाज परत वर चढला.

"नाही पप्पा," मी म्हणाले. "आई नाही तरली."

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला नाही. ओरडले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, ओठांकडे, जणू मी अजून काही बोलणार आहे. मग डोळे मिटले.

आत्या आली तेव्हा तिला सांगावं लागलंच नाही. तिनं थर्मास ठेवला, पप्पांना बघितलं, मला बघितलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

सकाळची खीर परत गेली. ओठ मिटलेले. दुपारची खिचडी परत गेली. डॉक्टर आले, नाडी बघितली, नानांना बाहेर बोलावलं. काचेतून मला नानांचे हात दिसत होते. ते हात जोडत होते की काय करत होते, कळत नव्हतं. आत्या माझ्याशी बोलत नव्हती. मी कोपऱ्यात उभी. मला वाटत होतं, मी पप्पांनाही घालवलं.

चार वाजता आत्या उठली आणि निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात रस्त्यापलीकडच्या खानावळीतली पत्रावळ होती, वर दुसरी झाकलेली. तिनं ती स्टुलावर ठेवली, उघडली. पिठलं आणि भाकरी. तिनं भाकरीचा मऊ पापुद्रा काढला, पिठल्यात चुरला, बोटांनी कालवून अगदी लापशी केली.

"आत्या, हे त्यांना चालणार नाही," मी म्हणाले.

"गप."

मग मला कळलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्या प्रत्येकाला त्यातला एक घास खावाच लागतो. जात नसला तरी. त्याला कडू घास म्हणतात. माझा मी खाल्ला होता, ओसरीवर, आत्याच्या हातून. नानांनी खाल्ला होता. सगळ्या घरानं खाल्ला होता.

आत्या कॉटवर पप्पांच्या कुशीला बसली. लहानपणी भरवायची तशी एक हात त्यांच्या मानेखाली घातला.

"रावसाहेब," ती म्हणाली, "उज्ज्वलाला आम्ही नीट पोचवलं. हिरवा शालू नेसवला, मळवट भरला. सवाष्ण गेली ती. कल्याणीनं पाणी पाजलं तिला. सगळं झालं रे, काही राहिलं नाही." तिनं घास बोटांत उचलला. "तुझा घास तेवढा राहिलाय. तोंड उघड."

पप्पांनी डोळे उघडले. तिच्या बोटांमधल्या घासाकडे बघितलं. खूप वेळ. मग ओठ सुटे झाले.

आत्यानं घास आत ठेवला. तो तिथंच राहिला. गाल हलेना. आत्यानं अंगठ्यानं त्यांचा गळा चोळला, वरून खाली, वरून खाली. कंठमणी वर गेला आणि खाली आला.

आत्यानं हात पदराला पुसले आणि पत्रावळ झाकायला घेतली. कडू घास एकच असतो.

पण पप्पांचं तोंड परत उघडलं होतं. मोठं, अगदी मोठं. आत्या थबकली. "अजून हवंय?" तिनं विचारलं, आणि घाईघाईनं दुसरा घास कालवायला लागली. मीही पुढे झाले, पाण्याचा चमचा घेऊन.

तेव्हा त्या तोंडातून रडण्याचा आवाज यायला लागला.